हिवाळ्यातला स्पेन, रेल्वेने : नियोजनाच्या नोंदी (जुलै ते डिसेंबर २०२४)

७ जुलै २०२४

स्पेनचा प्रवास करायचा, तो हिवाळ्यात करायचा आणि शहरांमधले सगळे अंतर रेल्वेनेच कापायचे, एवढे आज घरात ठरले. आई-बाबा आणि आम्ही दोघे असे चौघे जाणार आहोत. आई-बाबांनी सत्तरी ओलांडली असल्यामुळे ऋतूचा विचार सर्वांत आधी करावा लागला. दक्षिणेच्या अंदालुसिया प्रांतातल्या सेव्हिया आणि कोर्दोबा या शहरांत जुलै-ऑगस्टमध्ये पारा वारंवार चाळिशीपलीकडे जातो, तर जानेवारीत सेव्हियाचे दुपारचे तापमान सोळा अंशांच्या आसपास असते. दगडी गल्ल्यांतून तासन्‌तास चालायचे असेल तर आमच्यासाठी हाच ऋतू योग्य आहे.

रेल्वेचा आग्रह मुख्यतः बाबांचा आहे, कारण त्यांची सगळी नोकरी भारतीय रेल्वेत गेली. स्पेनचे जुने मार्ग १,६६८ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजपेक्षा जेमतेम ८ मिलिमीटरने अरुंद आहेत. १९९२ मध्ये सेव्हियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने माद्रिद-सेव्हिया हा पहिला अतिजलद मार्ग बांधला गेला, तेव्हा मात्र युरोपीय मापाचे १,४३५ मिलिमीटरचे रूळ टाकण्यात आले. आज हे जाळे सुमारे ४,००० किलोमीटरचे, युरोपात सर्वांत मोठे आणि जगात चीनच्या खालोखाल आहे. दोन मापांचे रूळ असलेला हा देश रेल्वेच्या माणसाला आतून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि मोटार न घेण्याचा निर्णय त्यामुळे सहज झाला.

२१ जुलै

आजचा दिवस तारखांवर गेला. पहिला विचार नाताळाच्या सुट्टीचा होता, पण दिनदर्शिका नीट पाहिल्यावर तो मागे पडला. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून दुकाने आणि खानावळी मिटू लागतात, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवशी माद्रिदचे प्रादो संग्रहालय आणि ग्रानादाचा अल्हाम्ब्रा हा जुना राजवाडा-किल्ला दोन्ही बंद असतात, आणि बार्सेलोनात २६ डिसेंबरचीही सुट्टी असते. त्यातच स्पॅनिश कुटुंबे याच काळात गावी जातात-येतात, त्यामुळे गाड्या भरलेल्या आणि तिकिटे महाग असतात. स्पेनमध्ये सणाचा हंगाम ६ जानेवारीला, बाल येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या दिवशी संपतो. त्यानंतर देश एकदम कामाला लागतो आणि पर्यटकांची गर्दी वर्षातली सर्वांत कमी होते.

म्हणून ३ जानेवारी २०२५, शुक्रवारी माद्रिदला उतरायचे आणि २१ जानेवारी, मंगळवारी बार्सेलोनाहून परतायचे असे ठरवले. यामुळे ५ जानेवारीच्या संध्याकाळची तीन राजांची मिरवणूक माद्रिदमध्येच पाहायला मिळेल, आणि उरलेला सगळा प्रवास मोकळ्या दिवसांत होईल. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचे विमानाचे तिकीट जाऊन-येऊन तिकिटापेक्षा फारसे महाग नाही, आणि शेवटी पुन्हा माद्रिदला येण्यात जाणारा दिवस त्यामुळे वाचतो.

११ ऑगस्ट

या योजनेत सर्वांत दुर्मीळ गोष्ट कोणती असेल तर ती दिवसाचा उजेड आहे, पैसा किंवा गाड्या नव्हेत, हे आज स्पष्ट झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माद्रिदला सूर्य सुमारे ८ वाजून ३८ मिनिटांनी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पुण्यात त्याच दिवशी सूर्यास्त जवळपास याच वेळी होतो, पण सूर्योदय दीड तास आधी होतो. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, तरीही १९४० पासून स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालते. या कारणाने तिथली सकाळ उशिरा उजाडते आणि संध्याकाळ मात्र आपल्याला सवयीची वाटावी अशा वेळी येते.

यावरून पुढच्या सगळ्या नियोजनाचा नियम निघाला, आणि मला तो या प्रकल्पातला कळीचा मुद्दा वाटतो : शहरे उजेडात पाहायची आणि गाड्या अंधारात पकडायच्या. आठ वाजता अंधारात हॉटेलात न्याहारी करून नऊला बाहेर पडावे, सहापर्यंत पाहून घ्यावे आणि मुक्काम बदलायचा असेल त्या दिवशी शक्यतो संध्याकाळी साडेसहा-सातची गाडी घ्यावी. स्पेनमध्ये रात्रीचे जेवणच नऊच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे साडेनऊला नव्या शहरात पोहोचले तरी उपाशी झोपण्याची वेळ येत नाही. सर्वसाधारण प्रवासयोजनांत सकाळी दहाची गाडी धरून दुपारी एकला पोहोचण्याचा प्रघात दिसतो. उन्हाळ्यात तो चालतो, कारण रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण हिवाळ्यात त्या एका गाडीपायी साडेनऊ तासांच्या दिवसाचा मधला आणि सर्वांत उबदार भाग खर्ची पडतो.

८ सप्टेंबर

शहरांची यादी कापली. सुरुवातीच्या कागदावर सेगोव्हिया, सालामान्का, मालागा आणि झारागोझा ही नावेही होती.

सेगोव्हियाचे मला वाईट वाटते. चुना-गारा न वापरता केवळ दगडावर दगड रचून उभी असलेली, अठ्ठावीस मीटर उंचीची ती रोमन जलवाहिनी पाहायची इच्छा होती. माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून जलद गाडी अर्ध्या तासात तिथे पोहोचवते, परंतु अतिजलद मार्गावरचे तिथले स्थानक गावाबाहेर माळावर आहे आणि तिथून पुन्हा बस धरावी लागते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर असल्याने जानेवारीतला वारा बोचरा असतो. एका दिवसाच्या सहलीसाठी तोलेदो अधिक सोयीचे आहे : माद्रिदच्याच आतोचा स्थानकाहून साधारण तेहतीस मिनिटे, आणि उतरल्यावर मुस्लिम कलेच्या वळणाच्या नव-मुदेखार शैलीतले, रंगीत काचांचे आणि कोरीव लाकडी छताचे स्थानक, जे पाहण्यासाठी बाबा एरवीही उतरले असते.

राहिलेला क्रम असा : माद्रिद, सेव्हिया, कोर्दोबा, ग्रानादा, व्हॅलेन्सिया, बार्सेलोना. कोर्दोबा सेव्हियाच्या आधी घ्यावे की नंतर, यावर बराच खल झाला. माद्रिदहून येताना कोर्दोबा आधी लागते, त्यामुळे वाटेत उतरणे स्वाभाविक वाटते. पण मालागा आणि ग्रानादाकडे जाणारा फाटा कोर्दोबाच्या थोडा पुढे, अल्मोदोव्हार देल रिओजवळ फुटतो. त्यामुळे सरळ सेव्हिया गाठून परतीच्या वाटेवर कोर्दोबाला मुक्काम केला, तर तिथून ग्रानादा दीड-पावणेदोन तासांवर येते आणि कोणताही टप्पा लांबत नाही.

या मार्गातली खरी अडचण ग्रानादा ते व्हॅलेन्सिया हा टप्पा आहे. नकाशावर दोन्ही शहरे पूर्वेकडे, एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण मधल्या डोंगराळ भागातून सोयीची गाडी नाही. माद्रिदला परत जाऊन गाडी बदलणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. अतिजलद मार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे माद्रिदहून बाहेर पसरले आहेत, आणि परिघावरच्या दोन शहरांना जोडायचे म्हणजे बहुधा मध्यातून जावे लागते. दुसरा पर्याय व्हॅलेन्सिया गाळून ग्रानादाहून थेट बार्सेलोनाला जाणाऱ्या गाडीचा आहे, जिला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. निर्णय तूर्त खुला ठेवला आहे.

२९ सप्टेंबर

आज अल्हाम्ब्राची तिकिटे काढली, आणि ती बाकी सगळ्याच्या आधी काढली, कारण हा एकच टप्पा असा आहे की ज्याची वेळ आपल्या हातात नाही. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकासह नावावर असते आणि तिथल्या नास्रिद या मुस्लिम राजघराण्याच्या राजवाड्यांत शिरण्याचा अर्धा तास त्यावर छापलेला असतो. तो चुकला तर राजवाड्यांचा प्रवेश जातो, बाकीचा परिसर मात्र पाहता येतो. हिवाळ्यात अल्हाम्ब्रा संध्याकाळी सहाला बंद होते. १३ जानेवारी, सोमवारी सकाळी अकराचा प्रवेश घेतला आहे. ग्रानादाला पहाटे तापमान शून्याजवळ येते, म्हणून सकाळी साडेआठचा प्रवेश उपलब्ध असूनही टाळला. अकरापर्यंत अंगणांत ऊन येते आणि निरभ्र दिवशी मागे सिएरा नेव्हादाची बर्फाच्छादित रांग दिसते.

गाड्यांच्या तिकिटांची स्थिती वेगळी आहे. युरोपातली वेळापत्रके दर वर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलतात, त्यामुळे जानेवारीच्या सगळ्या गाड्या अजून विक्रीला आलेल्या नाहीत. रेन्फे हे स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीचे नाव. २०२१ पासून फ्रेंच रेल्वेची ऊइगो आणि नोव्हेंबर २०२२ पासून इर्यो याही कंपन्या त्याच रुळांवरून धावतात, आणि रूळ व स्थानके अदिफ या स्वतंत्र सरकारी संस्थेच्या ताब्यात आहेत. स्पर्धेमुळे माद्रिद-बार्सेलोना आणि माद्रिद-व्हॅलेन्सिया या मार्गांवरचे दर खाली आले आहेत. ऊइगोच्या गाड्या दुमजली असून जागा वरच्या मजल्यावर मिळाली तर सामानासह जिना चढावा लागेल, शिवाय मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे पडतात. हे जमेस धरता आमच्यासाठी ती बचत तितकीशी उरत नाही.

माद्रिद-सेव्हिया टप्प्यासाठी इर्यो आणि रेन्फेची आव्हे ही अतिजलद गाडी यांची तुलना करू. ग्रानादाला फक्त रेन्फे जाते. २०१५ नंतर काही वर्षे नव्या मार्गाच्या कामामुळे ग्रानादाला गाडीच पोहोचत नव्हती, प्रवाशांना वाटेत उतरवून बसने नेत असत. आव्हे तिथे जून २०१९ मध्ये सुरू झाली, हे वाचल्यावर गाड्या कमी असल्याची तक्रार करवत नाही. सेव्हिया-कोर्दोबा या पाऊण तासाच्या अंतरासाठी आव्हान्त नावाच्या मध्यम पल्ल्याच्या गाड्या आहेत. त्यांचे दर ठरावीक असल्याने आधी तिकीट काढून काही मिळत नाही.

१३ ऑक्टोबर

व्हिसाचे अर्ज मुंबईत दिले. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झाले आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे. आई-बाबांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांबद्दलचे कलम शब्दशः वाचून घेतले, कारण स्वस्त योजनांमध्ये नेमके तेच वगळलेले असते. दिवसवार कार्यक्रम जोडताना आंतरशहर गाड्यांची नियोजित वेळ आणि प्रत्येक रात्रीचा मुक्काम असा एकच तक्ता दिला, आणि हॉटेलांची आरक्षणे रद्द करता येतील अशीच केली.

२० ऑक्टोबर

काल माद्रिदमध्ये आतोचा आणि चामार्तीन या दोन मोठ्या स्थानकांना जोडणाऱ्या बोगद्यात एक रिकामी आव्हे गाडी ओढून नेली जात असताना रुळावरून घसरली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, पण वाहतूक मोठ्या प्रमाणावर कोलमडली आहे. आमच्या योजनेच्या दृष्टीने यातून एक गोष्ट पक्की केली : दोन गाड्यांची तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर मध्ये किमान दोन-अडीच तास ठेवायचे. दक्षिणेच्या गाड्या आतोचाला येतात, तर व्हॅलेन्सियाकडच्या अनेक गाड्या आता चामार्तीनहून सुटतात. त्यामुळे स्थानक बदलण्याचा वेळ, त्यात सामानाची तपासणी आणि फलाटाचा दरवाजा सुटण्याआधी दोन मिनिटे बंद होणे हे सगळे हिशेबात धरावे लागेल. २००४ मधल्या माद्रिदच्या उपनगरी गाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, आणि गर्दीच्या वेळी तिथे रांग लागते.

३१ ऑक्टोबर

दिवाळीच्या गडबडीतही दिवसभर व्हॅलेन्सियाच्या बातम्या पाहत होतो. परवा, २९ तारखेला, शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांत काही तासांत प्रचंड पाऊस पडून ओढ्यांना आलेल्या पुराने पाइपोर्ता, कातारोखा अशी गावे उद्ध्वस्त झाली आहेत, आणि मृतांचा आकडा सतत वाढतो आहे. माद्रिद-व्हॅलेन्सिया अतिजलद मार्ग बंद आहे, चिवा आणि तोरेन्त इथल्या बोगद्यांची हानी झाली आहे.

जुने शहर वाचले, याचे कारण जुनेच आहे. १९५७ मध्ये तुरिया नदीच्या पुराने व्हॅलेन्सिया बुडाले, त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून नव्या, रुंद पात्रात वळवण्यात आली, आणि मोकळ्या झालेल्या जुन्या पात्रात नागरिकांच्या आग्रहाने मोठे उद्यान झाले. आमच्या यादीत व्हॅलेन्सिया होते ते मुख्यतः या उद्यानासाठी. ज्या व्यवस्थेने शहर राखले, तिच्या पलीकडची गावे यंदा पाण्यात गेली, हे वाचताना त्या उद्यानाकडे केवळ प्रेक्षणीय स्थळ म्हणून पाहणे शक्य राहिले नाही.

नियोजनाविषयी आज काहीच ठरवायचे नाही असे सर्वांच्या मते ठरले.

१७ नोव्हेंबर

व्हिसा मिळाले. माद्रिद-व्हॅलेन्सिया मार्ग १४ नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाला, सुरुवातीला कमी गाड्या आणि काही ठिकाणी कमी वेग असे स्वरूप असले तरी. सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेलेल्या आपत्तीनंतर दोन आठवड्यांत बोगदे साफ करून रूळ बसवणाऱ्या कामगारांबद्दल बाबा बराच वेळ बोलत राहिले. कोकणातल्या दरडी आणि घाटातले मार्ग त्यांनी जवळून पाहिले असल्यामुळे त्या कामाचे मोल त्यांना कळते. शहराच्या दक्षिणेकडचे उपनगरी मार्ग मात्र अजून मोडलेलेच आहेत.

व्हॅलेन्सिया ठेवायचे की नाही यावर सविस्तर चर्चा झाली. न जाण्याच्या बाजूने एकच खरे कारण होते, ते म्हणजे १५ जानेवारीचा ग्रानादा-माद्रिद-व्हॅलेन्सिया असा लांबचा दिवस. परंतु थेट बार्सेलोनाला गेलो तरी दिवस जातोच, आणि सलग साडेसहा तास बसणे आईच्या पाठीला मानवणारे नाही. दुसरीकडे, शहर खुले आहे आणि तिथल्या लोकांना पाहुणे यायला हवे आहेत. म्हणून दोन रात्री कायम ठेवल्या. सकाळच्या गाडीने ग्रानादा सोडून दुपारी माद्रिदला जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने व्हॅलेन्सिया गाठायचे. या टप्प्याची तिकिटे बदलता येतील अशा दराची घेतली, बाकी सर्व स्वस्त दराची. पूरग्रस्त गावांकडे पाहायला म्हणून जायचे नाही, याबद्दल दुमत नव्हते.

व्हॅलेन्सिया ते बार्सेलोना हा टप्पा उजेडाच्या नियमाला जाणीवपूर्वक केलेला अपवाद आहे. १७ जानेवारीची दुपारची गाडी घेतली आहे, कारण हा मार्ग काही अंतर भूमध्य समुद्राच्या कडेने जातो. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणून तिकडच्या खिडक्या निवडल्या. या मार्गावरच्या युरोमेद गाड्या वाटेत चालता चालता चाकांमधले अंतर बदलून एका मापाच्या रुळांवरून दुसऱ्यावर जातात, आणि बाबांनी तो क्षण डब्यातून जाणवतो का हे पाहायचे ठरवले आहे.

८ डिसेंबर

संग्रहालयांच्या सुट्ट्या जुळवण्याचे काम वाटले त्याहून किचकट निघाले. माद्रिदमध्ये पिकासोचे ‘गेर्निका’ जिथे आहे ते रेइना सोफिया मंगळवारी बंद असते आणि ६ जानेवारीलाही, म्हणून ते शनिवारी, ४ तारखेला घेतले. प्रादो ५ तारखेला सकाळी, त्याच संध्याकाळी सिबेलेस चौकाजवळ मिरवणूक. ६ तारखेला काहीही ठरवलेले नाही, बदाम-साखरेने सजवलेला राजांचा गोल गोड पाव खाऊन रेतिरो बागेत चालायचे. तोलेदो ७ तारखेला. ८ तारखेच्या संध्याकाळी सेव्हियाची गाडी.

कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल शनिवारी, ११ तारखेला दुपारीच पाहायची, कारण रविवारी सकाळी उपासनेमुळे मध्येच प्रवेश थांबतो. ७८५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे दोन शतके वाढत गेलेल्या त्या वास्तूत आज ८५६ खांब आहेत. सोळाव्या शतकात मधोमध उभारलेल्या कॅथेड्रलमुळे बऱ्याच खांबांची जागा गेली, तरी उरलेल्यांतून फिरायला दोन तास लागतील. एरवी सकाळची गाडी मी टाळतो, पण इथे सेव्हियाहून पाऊणच तास लागत असल्याने नऊच्या गाडीने काही बिघडत नाही. सेव्हियात हिराल्दा मनोऱ्यावर जायला पायऱ्यांऐवजी ३५ चढते मार्ग आहेत, शेवटी थोड्याच पायऱ्या. आई जमेल तितके चढणार आहे.

बार्सेलोनात साग्रादा फामिलिया या चर्चची वेळ दुपारी तीनची घेतली. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या तांबड्या-नारिंगी आहेत. जानेवारीतला खाली झुकलेला सूर्य दुपारनंतर पश्चिमेच्या काचांतून थेट आत येतो, आणि हिवाळ्याने दिलेली एवढी एक सवलत तरी पुरती घ्यावी.

२२ डिसेंबर

नवे वेळापत्रक १५ तारखेपासून लागू झाले, त्यामुळे सगळ्या तिकिटांवरच्या वेळा पुन्हा ताडून पाहिल्या. एका गाडीच्या वेळेत काही मिनिटांचा बदल आहे, बाकी तसेच आहे. प्रत्येक तिकिटाची छापील प्रत आणि मोबाइलमधली प्रत असे दोन संच केले, एक बाबांकडे राहील. २ डिसेंबरपासून स्पेनमध्ये हॉटेलांनी पाहुण्यांची अधिक माहिती नोंदवण्याचा नियम लागू झाला आहे, म्हणून घरचा पूर्ण पत्ता, दूरध्वनी आणि पासपोर्टचे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवले. तसे केल्याने रात्री साडेनऊला पोहोचल्यावर काउंटरवर थांबावे लागणार नाही. ग्रानादा आणि माद्रिद या दोन स्थानकांवर आईसाठी अदिफच्या मदतसेवेची मागणी नोंदवायची आहे, ती प्रवासाच्या आधीच करून ठेवू.

१४ जानेवारीला आम्ही ग्रानादात असू आणि त्या दिवशी संक्रांत आहे. युरोपीय संघात बाहेरून दूध, तूप, पनीर नेता येत नाही, त्यामुळे तुपाचा डबा राहिला, पण नुसत्या गुळातल्या तिळाच्या वड्या नेण्यास अडचण नाही. आई त्या पुढच्या रविवारी करणार आहे. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घेऊ. सेव्हियात पालक-हरभऱ्याची भाजी आणि सगळीकडे बटाट्याचे अंड्यातले जाड ऑम्लेट मिळते, पण अंडे न खाणाऱ्या आईला रस्सा मांसाच्या पाण्यातला नाही ना हे दर वेळी विचारावे लागेल, म्हणून तो प्रश्न स्पॅनिशमध्ये लिहून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवला.

उरलेली कामे : मदतसेवेची नोंदणी, विम्याच्या छापील प्रती, आणि १५ तारखेला आतोचाहून चामार्तीनला जाण्यासाठी उपनगरी गाडीऐवजी टॅक्सी घ्यायची असा निर्णय, जो आजच घेतला.